ध्रुवावर भोक, बपेऱ्यावर ढग

मोबाईलवरचा पृथ्वीचा गोल बोटाने सरकवत पार खाली नेला की अंटार्क्टिका येतं, आणि नेमकं ध्रुवाशी चित्र बिनसतं. बर्फाचा पोत एकाएकी सपाट होतो, रंग बदलतो, तुकड्यांचे जोड उघडे पडतात. उत्तरेला जावं तर बर्फ नाहीच. समुद्राचा तळ तेवढा निळ्या छटांत रंगवलेला. रस्ता शोधायला आपण जो सपाट नकाशा वापरतो त्यात तर दोन्ही ध्रुवांचा पत्ताच नाही, ८५ अंशांच्या जरा पुढे तो कापून टाकलेला. एवढं पाहिल्यावर कुणालाही वाटेल, इथे काय दडवलंय? उत्तरं द्यायला यूट्यूब बसलेलंच आहे. पोकळ पृथ्वी, बर्फाखालची शहरं, नाझींचे तळ, सपाट पृथ्वीची कडा. ज्याला जे हवं ते घ्यावं.

या शंकेला हसणं सोपं आहे आणि शिकलेली माणसं बहुधा तेच करतात. मला ते पटत नाही. ज्याला चित्रातली उणीव दिसली त्याने निदान चित्र नीट पाहिलं. आपल्यातले बहुतेक तेवढंही करत नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. जिथे उणीव उघडी ठेवली आहे तिथे आपण डोळे बारीक करतो, आणि जिथे ती बुजवून चित्र गुळगुळीत केलेलं आहे तिथे मान डोलावतो. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेल्या बपेऱ्यासारख्या धानाच्या गावाला ध्रुवाविषयीच्या शंकेने काही फरक पडत नाही. दुसरी शंका कुणी घेतलीच नाही, तर मात्र हंगामाचे पैसे बुडू शकतात.

ध्रुवाची शंका जुनी आहे. २३ नोव्हेंबर १९६८ या तारखेचं ‘एसा-७’ या अमेरिकी हवामान उपग्रहाचं एक चित्र आहे. उत्तर ध्रुवाच्या जागी वाटोळा काळा खड्डा, कडा अगदी रेखीव. १९७० साली रे पामर नावाच्या संपादकाने ते आपल्या ‘फ्लाइंग सॉसर्स’ मासिकात छापलं आणि पृथ्वी पोकळ असल्याचा पुरावा म्हणून मांडलं. कल्पना त्याची नव्हती. १८१८ सालीच जॉन सिम्स या अमेरिकी माणसाने ध्रुवांशी पृथ्वीला तोंडं आहेत असं पत्रक काढून आत जायला साथीदार मागवले होते. पामरला फक्त फोटो मिळाला. तो खोटा नव्हता, पण तो एक फोटोही नव्हता. दिवसभरातल्या फेऱ्यांत टिपलेले तुकडे जोडून ते चित्र केलेलं होतं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस उत्तर ध्रुवावर सूर्य उगवत नाही. उजेडावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला त्या रात्रीत दिसणार काय? चित्र जोडणाऱ्यांनी तिथे अंदाजाने बर्फ रंगवला असता तर पामरला छापायला काही उरलं नसतं. त्यांनी काळं ते काळं ठेवलं, आणि लपवाछपवीचा आरोप त्यांच्यावरच आला.

अंधार हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं उपग्रहाच्या वाटेत आहे, आणि त्या वाटेनेच ध्रुवावरच्या भोकाचा आणि बपेऱ्यातल्या बांधीचा संबंध जुळतो.

शेतीवर नजर ठेवणारे उपग्रह, मग तो अमेरिकेचा लँडसॅट असो, युरोपचा सेंटिनेल-२ असो की आपला रिसोर्ससॅट, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. गेल्या वर्षी तीच वेळ, यंदाही तीच. यंदाच्या सप्टेंबरातलं धान गेल्या सप्टेंबरातल्या धानाशी ताडून पाहायचं तर ऊन त्याच कलाने पडलेलं हवं, सावल्या तेवढ्याच लांब हव्यात. नाहीतर पीक बदललं की ऊन बदललं हे कळायचं नाही. ही वेळ वर्षभर पाळायची तर कक्षेचं प्रतल रोज जवळपास एक अंश वळत राहिलं पाहिजे. इंधन जाळून ते परवडणार नाही. ते काम पृथ्वीचा फुगीरपणा फुकट करतो. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवांपाशी असते त्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे, आणि त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षा आपोआप वळते. मात्र ती नेमक्या हव्या तेवढ्या वेगाने वळावी यासाठी सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला विषुववृत्ताशी सुमारे ९८ अंशांचा कोन करून फिरावं लागतं. ९० चा कोन असता तर तो बरोबर ध्रुवांवरून गेला असता. ९८ म्हटल्यावर दर फेरीला तो ध्रुव आठ अंशांनी चुकवतो. लँडसॅट खालचा १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो, त्यामुळे भोक थोडं आकसतं. तरी ८२-८३ अंशांपलीकडे त्याला काही दिसत नाही. जे वर्तुळ उरतं त्याची त्रिज्या नागपूरहून मुंबईला रेल्वेने जावं तेवढी, आठशे किलोमीटरच्या वर.

म्हणजे ध्रुव सोडला तेव्हा कुठे बपेऱ्याचं चित्र तुलनेच्या कामाचं झालं. जिथे कुणी पेरत नाही तिथला तुकडा देऊन, जिथे पेरतात तिथली वेळ पक्की केली. सौदा आपल्याच बाजूचा आहे, आणि त्याचं गणित कुणालाही करून पाहता येतं. सपाट नकाशाचंही तसंच. १५६९ साली मर्केटरने ज्या पद्धतीने नकाशा काढला त्या पद्धतीत ध्रुव अनंतावर जातो; कागद कुठेतरी थांबवायचाच, तर ८५ अंश आणि काही कलांवर थांबवला की नकाशा नेमका चौरस होतो आणि पडद्यासाठी त्याचे सारखे तुकडे पाडता येतात. आर्क्टिकचा बर्फ तर पाण्यावर तरंगणारा, रोज सरकणारा. त्याचं कायमचं चित्र लावणार तरी कोणत्या दिवसाचं?

ज्यांना ध्रुवच पाहायचा होता त्यांनी वेगळी वाट धरली. २०१० सालचा युरोपचा क्रायोसॅट-२ आणि २०१८ सालचा अमेरिकेचा आइससॅट-२ यांनी शेतीवाल्यांची ठरलेली वेळ सोडली, ९२ अंशांची कक्षा घेतली आणि ८८ अंशांपर्यंत मजल मारली. १९९७ साली कॅनडाचा रडारसॅट हा उपग्रह काही आठवड्यांसाठी चक्क उलटा वळवला, म्हणजे नेहमी उजवीकडे पाहणारं त्याचं रडार डावीकडे पाहू लागलं आणि दक्षिण ध्रुवासकट अख्खं अंटार्क्टिका टिपलं गेलं. रडारला ना उजेड लागतो ना निरभ्र आभाळ. आणि खुद्द दक्षिण ध्रुवावर १९५७ पासून माणसं राहतात, हे तर उपग्रहाआधीचं आहे.

आपली माणसंही काही दूर राहिलेली नाहीत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर उतरणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या अदिती पंत जन्माने नागपूरच्या. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यातल्या वास्कोला आहे. अंटार्क्टिकावरच्या आपल्या ‘भारती’ तळावर २०१३ पासून उपग्रहांची चित्रं उतरवून घेणारी अँटेना चालते. हैदराबादजवळच्या शादनगरच्या केंद्रावरून उपग्रहाच्या दिवसातल्या चौदा फेऱ्यांपैकी मोजक्याच जातात, पण कक्षा ध्रुवाकडे एकवटत असल्यामुळे भारतीवरून बहुतेक फेऱ्या पकडता येतात. जी जागा उपग्रहांपासून लपवली आहे असं सांगितलं जातं तिथेच आपण उपग्रहांची डाक उतरवतो. अंटार्क्टिक करारात एका देशाच्या तळाची दुसऱ्या देशाने तपासणी करण्याची तरतूद आहे, ती निराळीच.

मग लपवत कुणी काहीच नाही? लपवतात की. आणि ते हुडकायला ध्रुवावर जावं लागत नाही. बपेऱ्याच्याच भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. दडवण्यासारखं असं काही प्रत्येक देशाच्या पोटात असतं. २००१ च्या आपल्या दूरसंवेदन धोरणाने ५.८ मीटरपेक्षा बारीक तपशिलाची चित्रं छाननीशिवाय द्यायची नाहीत असं ठरवलं, २०११ साली ती मर्यादा १ मीटरवर आणली. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी गूगल अर्थवर दिसणाऱ्या चित्रांबद्दल जाहीरपणे काळजी व्यक्त केली होती. अमेरिकेने १९९६ साली कायदाच केला की इस्रायलची चित्रं अमेरिकी कंपन्यांनी ठरावीक मर्यादेपेक्षा स्पष्ट विकू नयेत. ती मर्यादा २०२० पर्यंत टिकली. या सगळ्याला कायद्याचं कलम आहे, तारीख आहे, सही आहे. खरी लपवाछपवी बहुधा अशी सरकारी कागदावर सापडते. तिच्यासाठी पृथ्वीला भोक पाडावं लागत नाही.

आणि कधी पुरवठाच बंद पडतो. जून २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने, ज्या लष्करी उपग्रहांवरून ध्रुवीय बर्फाची रोजची मोजणी होत होती त्यांची माहिती देणं महिनाअखेर थांबवू, असं कळवलं. शास्त्रज्ञांनी ओरड केली, मुदत वाढली. शंकेखोरांनी याच्यावर दिवसरात्र बोलायला हवं होतं, कारण इथे खरोखरच पोकळी पडणार होती. पण परग्रहवासी नसलेल्या बातमीला गिऱ्हाईक कमी.

याच बर्फमोजणीत मला सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट सापडते. ही मोजणी १९७८ पासून चालू आहे, सूक्ष्मतरंगांवर, म्हणजे काळोखात आणि ढगांतूनही चालणारी. चौकोन मात्र पंचवीस-पंचवीस किलोमीटरचे, इतके मोठे की अख्ख्या तुमसर तालुक्याला मोजकेच पुरावेत. तिलाही उत्तर ध्रुवाशी भोक आहे. पहिल्या उपकरणाचं ६११ किलोमीटर त्रिज्येचं, १९८७ नंतर ३११, २००८ पासून ९४. हा आकडा अमेरिकेतलं राष्ट्रीय हिमविदा केंद्र छापून ठेवतं, आणि त्या भोकाचं हिशेबात काय केलं तेही. बर्फाचा विस्तार काढताना भोकात बर्फ आहेच असं गृहीत धरलं आहे; प्रत्यक्ष क्षेत्रफळ काढताना भोक सोडून दिलं आहे. त्यामुळे क्षेत्रफळाच्या आकड्यांत १९८७ साली उडी दिसते, आणि तळाशी लिहिलेलं असतं की बाबा रे, बर्फ वाढला नाही, भोक लहान झालं. माणूस राहत नाही अशा जागेसाठी ही चोख वही.

उलट बाजू दक्षिण ध्रुवाकडे घडली. अंटार्क्टिकावरच्या हॅली या ब्रिटिश तळावर जमिनीवर ठेवलेल्या एका जुन्या धाटणीच्या यंत्राने १९५० च्या दशकापासून ओझोन मोजला जात होता. १९८० च्या सुमारास दर वसंतात आकडे कोसळायला लागले. जोसेफ फार्मन आणि त्याचे दोन सहकारी चक्रावले, कारण त्याच आभाळातून १९७८ पासून निंबस-७ उपग्रह फिरत होता आणि तिकडून कुणी काही बोललं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. उपग्रहाने ते पाहिलं नव्हतं असं नाही. त्याच्या संगणकाला शिकवलेलं होतं की १८० एककांखालचा ओझोन संशयास्पद, तेव्हा त्या मोजण्यांवर खूण होऊन त्या बाजूला पडल्या. नासातले पवन भारतिया आणि त्यांचे सहकारी त्या खुणांच्या मागे लागलेलेच होते. ऑगस्ट १९८५ मध्ये त्यांनी उपग्रहाची चित्रं मांडली तेव्हा भोक अख्ख्या खंडाएवढं निघालं. जमिनीवरच्या यंत्राने एका जागेचं खरं सांगितलं, उपग्रहाने ते केवढं पसरलं आहे ते सांगितलं. दोघांचं भांडण लागलं म्हणून दोघांनाही खरं कळलं. या गोष्टीत भोळा विश्वास कामाला आला नाही, आणि ‘सगळे मिळालेले आहेत’ हा संशयही आला नसता.

आता बपेऱ्याकडे येऊ. साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांश, बावनथडी आणि वैनगंगेचा मुलूख, पावसावर, तलावावर आणि कालव्यावर पिकणारं धान. मोबाईलवर हे गाव लख्ख दिसतं. बांधीन् बांधी वेगळी, घराची कौलं वेगळी, ढगाचा ठिपका नाही. ध्रुवाचं चित्र पाहून चमकणारा माणूस हे पाहून म्हणतो, हे आमचं गाव. पण आषाढापासून भाद्रपदापर्यंत या गावावर असं आभाळ असतं का? ज्या दिवसांत परे वाढतात, रोवणी होते, धान पोटरीत येतं, नेमके तेच दिवस या चित्रात नाहीत. ते उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या कोणत्यातरी कोरड्या दिवसाचं आहे, शेजारचा तुकडा दुसऱ्याच वर्षाचा असेल, आणि दोन्हींचा रंग असा जुळवलेला की भेगेवर सारवून घेतलेल्या भिंतीसारखं सगळं एकजिनसी. ध्रुवाकडे पाहणाऱ्याला निदान भोक दिसतं.

सेंटिनेल-२ पाच दिवसांनी येतो, लँडसॅटचा एक उपग्रह सोळा दिवसांनी, दोन मिळून आठ दिवसांनी. अंटार्क्टिकाच्या कडेच्या भागावर कक्षा एकमेकींवर चढतात, त्यामुळे उजेडाच्या महिन्यांत तिथे पाहण्याच्या संधी बपेऱ्यापेक्षा जास्त. आपल्याकडे त्या पाच दिवसांतून एकदा येणाऱ्या फेरीच्या खाली ढग असला की ती फेरी वाया. जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने वाया जातात. मग दोन निरभ्र तारखांच्या मधली रेघ गणिताने ओढली जाते. समजा जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक चित्र मिळालं आणि थेट सप्टेंबरच्या शेवटी दुसरं. मधल्या काळात बांधी पाण्याखाली जाऊन रोवणी सडली, पुन्हा रोवली, उशिरा हिरवी झाली, तर त्या रेघेला यातलं काही ठाऊक नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर संजय सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरासकट जिल्ह्यातली गावं बुडाली, तेव्हा वर गच्च ढगच होते.

यावर उत्तर म्हणून रडार आहे, आणि ते खरंच चांगलं उत्तर आहे. चिखलणीनंतर पाणी साचलेली बांधी रडारला काळीभोर दिसते, धान वाढलं की उजळत जाते. ढगाखालची रोवणी कुठे झाली आणि कुठे राहिली हे त्यावरून बरंचसं कळतं. पण झाड वाढलं म्हणजे दाणा भरला असं नाही. तुडतुडा बसला, फुलोऱ्यात पाऊस झोडपला, तर वरून हिरवंगार शेत आणि हातात घेतलेल्या लोंबीत पोचट. उपग्रह पाल्याला विचारतो, शेतकरी लोंबीला.

हे आता नुसतं कुतूहल राहिलेलं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ज्या निकषांवर, त्यांत पाऊस, जमिनीतली ओल आणि उपग्रहाने मोजलेला हिरवेपणा होता. हे निकष ज्या केंद्रीय नियमावलीतले, तिच्यातच तालुक्यातल्या दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहण्याची, म्हणजे सत्यमापनाची अट आहे. २०२३ च्या खरिपापासून पीकविम्यात धान आणि गव्हासाठी उत्पन्नाचा किमान तीस टक्के भाग तंत्रज्ञानाच्या अंदाजावरून धरायचं केंद्राने ठरवलं. बाकी पीक कापणी प्रयोगावर.

याविरुद्ध ओरडणाऱ्यांत मी नाही. कापणी प्रयोग म्हणजे काही गंगाजल नव्हे. ठरलेला प्लॉट सोडून सोयीच्या बांधीत चौकट टाकणं, उशिरा पोचणं, तालुक्याला बसून आकडा भरणं, पैसेवारी पन्नास पैशांच्या वर राहावी की खाली यावी यावर चर्चा होणं, हे धानपट्ट्यात कुणाला नवीन नाही. पंचनामा माणसाचा असतो आणि माणसाला ओळखीपाळखी असतात. उपग्रहाला नाहीत. म्हणून तो हवाच. माझा आग्रह एवढाच की त्यालाही उलटतपासणी लागू व्हावी, आणि तिची तयारी आपल्याकडे आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली स्पष्ट लिहिलं गेलं की उपग्रहाचं चित्र दाव्याच्या इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी नाही. चित्रात झाडी दिसते म्हणून इथे कुणी कसत नव्हतं असं म्हणून आदिवासींचे दावे फेटाळले जात होते, त्यातून ही तरतूद आली. गावातल्या म्हाताऱ्यांची जबानी, जुनी बांधबंदिस्ती, विहीर, स्मशान यांना चित्राच्या पंगतीत बसवणारा हा नियम, माझ्या मते, उपग्रहांविषयी या देशात लिहिलं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य आहे. तो शेतीच्या हिशेबात का आणू नये?

ध्रुवाच्या व्हिडिओखाली ‘सत्य काय आहे’ म्हणून विचारणाऱ्या पोराला मी हेच सांगेन की, तुझा प्रश्न जरा वळव. ‘काय लपवलं’ हे विचारलंस तर पुरावा नसणं हाच पुरावा होऊन बसतो, आणि त्या वादाला अंत नाही. ‘कशाने भरलं’ असं विचार. त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि उत्तर खोटं असेल तर पकडता येतं. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या बांधीत उभा राहून स्वतः फोटो काढतो आणि तो ठिकाणासकट सरकारदरबारी जातो. म्हणजे जमिनीवरून दिलेली साक्ष आता तारखेची आणि जागेची आहे. ती पीक कोणतं हे सांगते, नुकसान किती ते नाही. पण पूर ओसरल्यावर, तुडतुडा बसल्यावर त्याच जागेवरून दुसरा फोटो घ्यायला आणि तो उपग्रहाच्या अंदाजाशेजारी ठेवायला कोणतं नवं शास्त्र लागणार आहे?

त्यासाठी अंदाजाचा कागद आधी गावाला दिसला पाहिजे. सिहोरा-बपेरा भागातल्या धानाचा जो तांत्रिक आकडा विम्याच्या हिशेबात धरला जातो, त्याच्याखाली चार गोष्टी मराठीत छापाव्यात: हंगामात किती तारखांची निरभ्र चित्रं मिळाली, किती फेऱ्या ढगात गेल्या, मधल्या दिवसांसाठी रडार वापरलं की नुसती रेघ ओढली, आणि ताडून पाहायला कोणत्या गावातल्या किती बांध्यांत माणूस गेला. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि त्यावर हरकत घ्यायला दिवाळीच्या सुट्ट्या सोडून निदान पंधरा दिवस मिळावेत.